विंडोज १०चा लॅपटॉप, घरची कामं आणि मुलाचे गेम : लिनक्सवर जायचं तर सुरुवात कुठून?

मुलुंडकर_बाबा

नमस्कार मंडळी,

घरात दोन मशीन आहेत. एक माझा २०१७चा लॅपटॉप : सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी, ग्राफिक्स इंटेलचंच आतलं, एचडी ६२०. तब्येत ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव मुदतीचे सिक्युरिटी अपडेट घेतलेत, पण ते काही कायमचे नाहीत. चालतं मशीन भंगारात घालायचं जिवावर येतंय.

दुसरा चिरंजीवांचा डेस्कटॉप : रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६५०, विंडोज ११. तो अकरावीला आहे. कुठले तरी व्हिडिओ बघून आता त्यालाही लिनक्स हवंय.

लॅपटॉपवरची कामं अशी. सौ. सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे मराठीतून नोटिसा, सभेची इतिवृत्तं आणि मेंटेनन्सचा एक्सेलमधला हिशेब. माझं बँकिंग, मेल आणि एका ओळखीच्यांचं टॅलीतलं काम. शिवाय एक जुना लेझर प्रिंटर. डेस्कटॉपवर व्हॅलोरंट, जीटीए ५, विचर ३ आणि एपिकवर दर गुरुवारी फुकट मिळतं ते सगळं.

कुठलं लिनक्स टाकू, आणि काय काय सोडावं लागेल? पहिल्याच प्रतिसादात टर्मिनलचे मंत्र नकोत ही नम्र विनंती.

आर्च_बिर्च

आर्च टाका.

कर्नल_पॅनिक

वरच्या प्रतिसादाकडे काणाडोळा करा, आर्च नवख्यांसाठी नाही, हा प्राणी सगळ्यांना हेच सांगतो.

बाबा, तुम्ही कामांची यादी दिलीत हे फार बरं केलंत. निम्मे लोक "कुठलं डिस्ट्रो" (म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार) इथूनच सुरू करतात आणि मग महिनाभर वॉलपेपर बदलत बसतात. डिस्ट्रो हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी लिनक्सवर होणारच नाहीत : टॅली आणि व्हॅलोरंट. बाकी सगळं होतं, थोड्या खटपटीने. प्रिंटरचं मॉडेल कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाका, सिनॅमन डेस्कटॉपवालं. मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात, टास्कबार खाली, घड्याळ उजवीकडे. वहिनींना वेगळं काही शिकवावं लागणार नाही. मिंट २२ हे उबंटू २४.०४वर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीत आरामात चालतं.

पण लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवर आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) चढवा (विंडोजमधून रुफस किंवा बलेना एचर), त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि पेनड्राइव्हवरच एखादा दिवस काढा. भाड्याने राहून बघा, मग घर घ्या. त्या अवस्थेत हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, ब्लूटूथ हेडफोन जोडला जातो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सगळं तिथेच कळतं. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, नेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून हवा तो ड्रायव्हर घेता येतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आधी तीन कामं. डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद. हे तिसरं लोक विसरतात. त्याने विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ते ड्राइव्ह उघडले की फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. मग इथे येऊन "परमिशनचा घोळ" म्हणून नवीन धागा.

झटपटराव

आणि बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) बंद करून टाका. एनव्हिडियाची सगळी कटकट मिटते.

स्पाइक_बी_साइट

झटपटराव, हे असलं सांगू नका ओ. मुलगा व्हॅलोरंट खेळतो, वाचलं नाहीत का?

काका, नीट सांगतो. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं. लिनक्सवर ते नाही, येण्याची चिन्हंही नाहीत. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून तिथे खेळू म्हणाल तर तेही चालत नाही. आणि विंडोज ११वर व्हॅनगार्डला टीपीएम (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद केलंत की तिकडे विंडोजमध्ये व्हॅलोरंट उघडणारच नाही, आणि दोष लिनक्सला.

याच कुळातले बाकीचे : लीग ऑफ लेजंड्स २०२४मध्ये व्हॅनगार्ड आल्यावर लिनक्सवरून गेला. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स आधी मस्त चालायचा, २०२४च्या शेवटी कंपनीने लिनक्सचा दरवाजा बंद केला. जीटीए ५ची गोष्ट मजेशीर आहे. स्टोरी मोड लिनक्सवर छान चालतो, पण सप्टेंबर २०२४मध्ये ऑनलाइनला बॅटलआय नावाचं अँटी-चीट जोडलं, तेव्हापासून ऑनलाइन बंद. बॅटलआय स्वतः लिनक्सवर चालू शकतं, परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. त्यांनी दिली नाही.

उलट एल्डन रिंगमध्ये इझी अँटी-चीट आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइनसकट चालतो. सीएस २ आणि डोटा २ तर थेट लिनक्ससाठीच बनलेत. म्हणून मुलाला विचारा : मित्रांबरोबर ऑनलाइन काय खेळतोस? त्या यादीवर सगळं अवलंबून आहे. एकट्याने खेळायच्या गेमची काळजी करू नका.

मुलुंडकर_बाबा

विचारलं. "व्हॅलोरंट. आणि व्हॅलोरंट." असं उत्तर आलं.

स्पाइक_बी_साइट

मग विंडोज काढू नका, विषय संपला. :) दुसरी एसएसडी घ्या आणि लिनक्स तिच्यावर टाका.

लॅमिंग्टन_रोडवाला

स्पाइकने बरोबर सांगितलंय, त्यात थोडी भर. इन्स्टॉल करताना विंडोजवाल्या डिस्कची केबल काढून ठेवा, एनव्हीएमई असेल तर स्क्रू काढून बाजूला. इन्स्टॉलरला दोन डिस्क दिसल्या की बरेचदा तो लिनक्सचा बूटलोडर विंडोजच्या डिस्कवर नेऊन ठेवतो. पुढे कधी ती डिस्क बदलली की लिनक्सही उठत नाही. एकच डिस्क जोडलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही. नंतर दोन्ही जोडा आणि सुरू होताना बूट मेन्यूतून (बोर्डाप्रमाणे एफ ८, एफ ११, एफ १२) हवी ती निवडा.

ग्राफिक्स कार्डाबद्दल, कारण ग्रँट रोडला उतरून लोक आमच्या लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत येतात आणि चुकीचं उचलतात. तुमचं १६५० चांगलं आहे, त्याला हात लावू नका. पण वाचणाऱ्या इतरांसाठी : जीटी ७१० किंवा ७३० "नवीन, सीलबंद, स्वस्त" म्हणून मिळतं ते गेमिंगसाठी लिनक्सवर घेऊ नका. ७१०ला एनव्हिडियाची ४७० मालिकाच शेवटची, आणि स्टीमचे आताचे प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं) ज्यावर चालतात त्या डीएक्सव्हीकेला व्हल्कन १.३ (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची भाषा) लागतं. ते या कार्डाला झेपत नाही. गेम नुसता उघडून बंद होतो. १०५० टीआय, १०६० अजून चालतात, पण त्यांच्यासाठी ५८०ची ड्रायव्हर मालिका शेवटची आहे, हे भाव करताना लक्षात असू द्या.

सेकंडहँडमध्ये लिनक्ससाठी एएमडीचं आरएक्स ५७० किंवा ५८०, ८ जीबीवालं मिळालं तर उत्तम. एएमडीचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच (लिनक्सच्या ग्राफिक्स लायब्ररीत) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, लावलं की चालू. मात्र ही कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये राबून आलेली असू शकतात. दुकानात उभं राहून पंखे पूर्ण वेगाने फिरवून आवाज ऐका, मागच्या बाजूने वाकून बॅकप्लेट आणि थर्मल पॅडच्या कडेला तेलकट ओघळ आहेत का बघा, आणि स्क्रू घासलेले असतील तर कार्ड उघडलंय असं समजा. टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

आर्च_बिर्च

मुलाच्या मशीनवर मिंट नको. सिरियसली बोलतोय. बझाइट टाका. फेडोरावर बेतलेलं आहे, स्टीम आधीच बसवलेलं येतं, एनव्हिडियाचा ड्रायव्हर आत असलेली वेगळी आयएसओ मिळते. मूळ सिस्टिम केवळ-वाचनीय असते, म्हणजे पोराने कितीही उपद्व्याप केले तरी मोडत नाही, अपडेट बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं.

कर्नल_पॅनिक

चक्क उपयोगी प्रतिसाद! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

पण मी तरी घरात एकच डिस्ट्रो ठेवीन. बाप मिंटवर आणि मुलगा बझाइटवर, म्हणजे अडल्यावर एकमेकांना काही सांगता येणार नाही. बझाइटमध्ये सॉफ्टवेअर टाकायची पद्धत वेगळी, बहुतेक सगळं फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून सुटं राहणारं पॅकेज). नेटवर सापडणारी निम्मी उत्तरं उबंटूच्या भाषेत असतात, ती तिथे लागू पडत नाहीत. अकरावीतल्या मुलाला मोडतोड करून शिकू दे की. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, आधी स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, मोडलं की त्यावर परत जायचं.

आर्च_बिर्च

शिकायचंच असेल तर आर्च टाका.

नलूमावशी_दादर

गेममधलं मला काही कळत नाही, पण मराठीचं कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. मी दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करायचे, आता निवृत्त आहे आणि बरीच वर्षं लिनक्सवरच आहे.

टायपिंग. मिंटच्या मेन्यूत इनपुट मेथड नावाची खिडकी आहे. तिथून आयबस किंवा फसिटिक्स (भाषा बदलून टाइप करायची सोय) बसवायचं, सोबत एम१७एन (निरनिराळ्या भाषांचे कीबोर्ड). मग मराठीत इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन असे पर्याय येतात. तुमच्या सौ. आधी काय वापरत होत्या ते विचारा आणि तेच द्या, उगाच नवीन शिकवू नका. सरकारी टायपिंग शिकलेल्यांना रेमिंग्टनही मिळतो. बदल केल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर भाषेचं चिन्ह दिसत नाही आणि माणूस समजतो की झालंच नाही.

वर्डच्या फायली. सोसायटीच्या जुन्या नोटिसा मंगल नाहीतर कोकिळा फॉन्टात असणार. हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे, मिंटमध्ये नसतात. लिब्रेऑफिस त्यांच्या जागी नोटो किंवा लोहित दाखवतं. दोघांची ओळीची उंची वेगळी, त्यामुळे एका पानाची नोटीस दीड पानाची होते आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. इथे बायका वैतागतात (बाप्येही). पण लक्षात घ्या, फायलीत फॉन्टचं नाव मंगलच राहिलेलं असतं, फक्त तुमच्या पडद्यावर दुसरा दिसतो. ती फाइल विंडोजवाल्याकडे गेली की पूर्ववत दिसते. नवीन नोटिसांसाठी मी मुक्ता वापरते, मुंबईच्याच एक टाइपचा, मोफत आणि मुक्त, दिसायलाही देखणा. आणि सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सअॅपवर जायचं असेल ते पीडीएफ करूनच पाठवायचं, म्हणजे कोणाकडेही तसंच उघडतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. लिब्रेऑफिस देवनागरीला "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" या वेगळ्या खात्यात टाकतं. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये तुम्ही वरच्या खान्यात फॉन्ट बदलला तर फक्त इंग्रजी बदलतं, मराठी ढिम्म. मराठीचा फॉन्ट त्याच खिडकीत वेगळा असतो, तो बदलायचा. भाषेच्या सेटिंगमध्ये सीटीएलला टिक करून हिंदीऐवजी मराठी निवडा, म्हणजे स्पेलचेकही नीट चालतं.

श्रीलिपी, आयएसएम यांतल्या जुन्या फायली असतील तर त्या युनिकोड नाहीत. फॉन्ट नसला की "ÖêÖ" असलं काहीबाही दिसतं. त्या विंडोजवर असतानाच बदलून घ्या. पुस्तकाचं किंवा स्मरणिकेचं काम असेल तर स्क्रायबस १.६ घ्या. जुन्या १.४मध्ये जोडाक्षरं तुटायची, आताच्यात तुटत नाहीत.

लिब्रेऑफिस शिकायला पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतून ऐकता येतात. संथ आहेत, पण म्हणूनच मला आवडले.

मीठभाकर

मावशी __/\__ वाखु (वाचनखूण) साठवली.

मुलुंडकर_बाबा

नलूताई, सौ.ने हा प्रतिसाद स्वतः वाचला आणि फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवला. तिला इनस्क्रिप्टच हवंय.

एक्सेलचं काय? तिच्या शीटमध्ये मॅक्रो नाहीत, पण फ्लॅटप्रमाणे रंग आणि बरीच व्हीलुकअप आहेत.

कर्नल_पॅनिक

व्हीलुकअप लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जशीच्या तशी चालते. फायली सतत विंडोजवाल्या खजिनदाराकडे जा-ये करणार असतील तर ओन्लीऑफिसही टाकून बघा. एक्सएलएसएक्स, डीओसीएक्सची मांडणी ते जास्त जपतं आणि दिसायलाही एमएस ऑफिससारखं आहे. पण मराठी मजकूर लांबलचक असेल तर मला लिब्रेऑफिस बरं वाटतं. दोन्ही एकत्र नांदतात. अगदीच अडलं तर ब्राउझरमधलं एमएस ऑफिस आहेच.

हिशेबनीस_काळाचौकी

टॅलीबद्दल. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) चालवून दाखवणारे लोक आहेत, पण दुसऱ्याचे हिशेब अशा जुगाडावर ठेवू नका. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी रात्री लायसन्स अडकलं तर कोणाला फोन करणार? मुलाच्या डेस्कटॉपवर विंडोज राहणारच आहे ना, टॅली तिथे टाका. पोराला तासभर उठवायचं.

डीएससीचंही (यूएसबी टोकनवरच्या डिजिटल सहीचंही) तेच. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात, पण ज्या पोर्टलवर सही करायची त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर आहे का ते आधी तपासा. जीएसटीत प्रोप्रायटरला ओटीपीवर भागतं, कंपनी आणि एलएलपीला डीएससी लागतेच. नेटबँकिंग, आयकर, डिजिलॉकर वगैरे ब्राउझरमध्ये चालणारं सगळं फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये विंडोजसारखंच चालतं.

रीळवाला

अवांतर : लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे कोणी वाचत असतील तर, दाविंची रिझॉल्व्ह लिनक्सवर आहे, पण फुकट आवृत्ती कॅमेऱ्यातल्या एच २६४ फायली उघडतच नाही. आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि मग डिस्क भरते. घरगुती कामाला केडेनलाइव्ह पुरतं. फोटोला जिंप, मार्च २०२५मध्ये त्याचं ३.० आलं. फोटोशॉपची सवय मोडायची नसेल तर ब्राउझरमधलं फोटोपी.

मुलुंडकर_बाबा

प्रगती. लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. वायफाय, आवाज, ब्लूटूथ सगळं आलं. प्रिंटर यादीत दिसतो पण कागद बाहेर येत नाही.

लॅमिंग्टन_रोडवाला

मॉडेल इथे लिहू नका, मला निरोप पाठवा, बघतो. सर्वसाधारण नियम सांगतो. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारा प्रिंटर असेल तर चालतोच. एअरप्रिंट लिहिलेला वायफाय प्रिंटर बिनड्रायव्हरचा चालतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलना एचपीलिप हा ड्रायव्हर आहे. अडतात ते जुने स्वस्त लेझर, ज्यांच्यात स्वतःची अक्कल नसते आणि पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटरवर सोपवलेलं असतं. त्यांची भाषा कंपनीची खासगी, ड्रायव्हर निघाला असेल तर कुठल्याशा जुन्या ३२ बिटच्या जमान्यातला. ओपनप्रिंटिंगच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधा, तिथे कळेल. नाहीच झालं तर प्रिंटर मुलाच्या विंडोज मशीनला जोडून घरच्या नेटवर्कवर शेअर करा. पण मग छापायच्या वेळी ते मशीन विंडोजमध्येच चालू असायला हवं.

स्पाइक_बी_साइट

आता गेमचा भाग लिहून टाकतो, कारण व्हॅलोरंट सोडून बाकी आयुष्य आहे.

स्टीम. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधलं की दोन दिसू शकतात, एक साधं आणि एक फ्लॅटपॅक. साधं घ्या. फ्लॅटपॅकवालं वाईट नाही, पण दुसऱ्या डिस्कवर गेम ठेवायचे म्हटले की फ्लॅटसीलमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते, नवख्याला ते सुचत नाही.

विंडोजचे गेम चालवायचं काम प्रोटॉन करतं. व्हॅल्व्हने ते २०१८मध्ये आणलं. आत वाइन आहे, डायरेक्टएक्स ११पर्यंतचं डीएक्सव्हीके आणि १२चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन व्हल्कनमध्ये बदलतं. २०२२मध्ये स्टीम डेक आल्यावर तर यावर भरपूर काम झालं, ते यंत्रच लिनक्सवर चालतं. ऑक्टोबर २०२५च्या स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सने पहिल्यांदा ३ टक्के ओलांडले. कमी वाटेल, पण गेम कंपन्या आता निदान उत्तर तरी देतात. वापरणाऱ्याला यातलं काही बघावं लागत नाही, इन्स्टॉल दाबायचं आणि प्ले दाबायचं. पहिल्यांदा "प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स" अशी पट्टी येते, ती सरकेचना म्हणून लोक स्किप करतात आणि मग गेम अडखळतो म्हणून रडतात. चहा टाका, होऊ द्या.

गेम घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर नाव टाकून बघा. प्लॅटिनम, गोल्ड असेल तर डोळे झाकून. सिल्व्हर असेल तर खालचे अनुभव वाचा, आपलं कार्ड असलेल्याचे आधी. अँटी-चीटसाठी "आर वुई अँटी-चीट येट" नावाची वेगळी यादी आहे.

सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते : विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर आधीच उतरवलेले गेम तिथूनच लिनक्समध्ये चालवायला जातात. कधी चालतं, कधी नाही, मधेच फाइल खराब. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक फोल्डर बनवतं, त्यात अशा लिंक आणि नावं असतात जी एनटीएफएसवर नीट बसत नाहीत. लिनक्सच्या डिस्कवर ईएक्सटी४वर गेम नव्याने उतरवा.

विचर ३ सुरू करताना डीएक्स ११ का १२ विचारतो. १६५०वर ११ घ्या. १२ आणि एनव्हिडिया मिळून लिनक्सवर थोडा वेग खातात. एपिकचे गुरुवारचे गेम हिरोइक लाँचरमधून, त्यात जीओजीही येतं. जुन्या सीडीवरचे गेम लुट्रिस किंवा बॉटल्समधून. २००५चा एनएफएस मोस्ट वाँटेड मी अजून खेळतो.

फलाट_नं_४

लॅपटॉपच्या एचडी ६२०वर काय चालेल असं बाबांनी विचारलं नाही, पण मला माहितीय त्यांना विचारायचंय. :)

स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट, पोर्टल, हाफ लाइफ २, सगळे थेट लिनक्सवर आहेत आणि या लॅपटॉपला जड नाहीत. फुकटात ०ए.डी. आहे, एज ऑफ एम्पायर्सच्या घराण्यातला, आणि त्यात मौर्य आहेत! चंद्रगुप्त, अशोक, हत्तींसकट. ओपनटीटीडी मात्र जपून. रेल्वेचं जाळं विणायचा खेळ आहे. सिग्नल चुकीचा टाकला की एकामागोमाग गाड्या खोळंबतात आणि आपण रात्री दोनला जलद मार्गिका वेगळी करत बसतो. मध्य रेल्वेवर रोज प्रवास करूनही घरी येऊन हेच करावंसं वाटतं याचं काय करावं कळत नाही.

डेव्ह आणि प्रिन्सच्या पिढीतले असाल तर डॉसचे जुने गेम चालवणारं डॉसबॉक्स आहे.

मुलुंडकर_बाबा

लॅपटॉपवर मिंट कायमचं बसलं. मुलाच्या मशीनवरही झालं, विंडोजची डिस्क काढून ठेवून, वेगळ्या एसएसडीवर. सिक्युअर बूट तसंच चालू ठेवलंय. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडिया घेताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला, काही कळायच्या आत गेला आणि मिंट सुरू झालं. आता रिझोल्यूशन बावळट दिसतंय आणि गेम चित्रपटासारखा नाही, स्लाइड शोसारखा चालतोय.

कर्नल_पॅनिक

तो निळा पडदा हुकला, बाकी काही नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर तुमच्याच मशीनने सही केलेली असते. सिक्युअर बूट विचारतं की ही सही ओळखीची आहे का, आणि "हो" म्हणायची जागा तो पडदा. दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो, ड्रायव्हर लोड होत नाही.

ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढून परत टाका, पासवर्ड साधा ठेवा. रीस्टार्टनंतर निळं दिसताच कळ दाबा. यादीत "एनरोल मॉक" (म्हणजे ती सही नोंदवा), मग कंटिन्यू, मग येस, मग तो पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका. शेवटी रीबूट. "कंटिन्यू बूट" हा पहिलाच पर्याय मोहात पाडतो, तो दाबू नका.

झटपटराव

म्हणूनच म्हणत होतो, बंद करा म्हणून.

स्पाइक_बी_साइट

झटपटराव, तुमचं तुम्हाला लखलाभ.

मुलुंडकर_बाबा

मॉक झालं. विचर ३ चालू, पोरगा खुर्चीतून उठत नाहीये. व्हॅलोरंटही विंडोजमध्ये उघडतोय. प्रिंटर लॅमिंग्टनभाऊंच्या निरोपाप्रमाणे नेटवर्कवर शेअर केला, पहिली नोटीस छापली : "पाण्याची टाकी धुण्याबाबत". एका पानात.

एकच शंका. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं. बॅटरी गेली का बोर्डाची?

कर्नल_पॅनिक

बरोबर साडेपाच तास ना? मग बॅटरी शाबूत आहे. बोर्डाच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. आपला फरक साडेपाच तासांचा, तेवढाच चुकतो. मिंटला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगायचं, टर्मिनलमध्ये एकच ओळ आहे. मंत्र नकोत म्हणालात म्हणून इतके दिवस थांबलो होतो, निरोपात पाठवतो. त्यानंतर एकदा विंडोजमध्ये जाऊन वेळ सिंक करा.

मुलुंडकर_बाबा

पाठवा. एक मंत्र चालेल.

आर्च_बिर्च

टर्मिनल उघडलंच आहे तर

कर्नल_पॅनिक

नाही.